जीप ढकलायला माणूस मिळेना

देश पुढे जातो तो जनतेच्या खांद्यावर, असं आणीबाणीच्या दिवसांत प्रत्येक भाषणात ऐकायला मिळे. आमच्या साहेबांच्या जीपपुरतं ते अगदी खरं होतं. जनतेनं ढकलल्याशिवाय ती सुरूच होत नसे. अडचण एवढीच, की जीप कुटुंबनियोजनाची होती आणि ती दिसली की जनता ज्वारीत पळे.

मी तेव्हा परभणीला एका सरकारी वर्कशॉपात मेकॅनिक होतो. सोनपेठकडच्या एका खेड्यात जीप अडकल्याचा निरोप आला. चावी फिरवली की टक वाजतं आणि सगळं गप्प. या दुखण्यावर साहेबांनी तोवर दोन नव्या बॅटऱ्या मंजूर केल्या होत्या. मी पिशवीत ब्रश टाकले आणि एस.टी. पकडली.

स्टार्टर म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणारी विजेची मोटर. तिच्यात तांब्याच्या गोल भागावर कार्बनचे चार ठोकळे स्प्रिंगनं दाबून धरलेले असतात. त्यांना ब्रश म्हणतात. बॅटरीचा करंट त्यांच्यातून आत जातो. झिजून ते आखूड झाले की तांब्याला टेकत नाहीत. मग बॅटरी कितीही नवी आणा.

जीप शाळेसमोर होती. ड्रायव्हर उस्मानभाई एकटेच ढकलून घामाघूम झाले होते. साहेब व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. ढकलणं त्यांच्या पदात बसत नव्हतं.

स्टार्टर उतरवून उघडला. ब्रशांच्या नावानं चकत्या उरल्या होत्या. त्या जुन्या जीपचे ब्रश परभणीत मिळत नसत, म्हणून मी ट्रकचे आणले होते. शाळेच्या दगडी पायरीवर घासून ते मापाला आणले. वायरींना कथलाचा डाग देऊन त्या जोडायच्या होत्या. डाग द्यायचं हत्यार, कैया, तापवायला शेजारच्या म्हातारीकडे चूल मागितली.

"गावात गडी ठिवला न्हाई तुमी, आन आता चूल बी मागायलाव?" ती म्हणाली.

"माणसं कुठं गेली, आजी?"

"जितं जीप जात न्हाई तितं."

चूल मात्र तिनं दिली.

डाग देऊन परत आलो, तर साहेब खुर्चीवरून उठून जवळ आले.

"मिस्त्री, मुलं किती तुम्हाला?"

"तीन."

"ऑपरेशन?"

"नाही, साहेब."

"मला आज एक केस कमी पडतेय. उद्या कलेक्टरांपुढे आकडा ठेवायचाय. गाडी झाली की बसा मागं. नाहीतर पगार थांबेल."

हा प्रश्न माझ्या घरी अजून बोलून झाला नव्हता. त्याचा निकाल जीपच्या मागच्या सीटवर लागावा, अशी माझी इच्छा नव्हती.

"येतो की," मी म्हणालो. "पण ऑपरेशननंतर जड उचलायचं नाही, असं तुमचेच लोक सांगतात. हा स्टार्टर उचलून बघा. नवे ब्रश लगेच बसत नसतात, साहेब. तांब्याच्या गोलाईवर घासून घासून बसतात. तोवर पुन्हा उघडावा लागला तर उचलणार कोण?"

यातलं ब्रशांचं शास्त्र खरं होतं. मी ते जरा ताणलं.

"किती दिवस लागतात?"

"ते गाडीवर आहे."

साहेबांनी ओसाड गल्लीकडं पाहिलं, मग उस्मानभाईंकडं. पुढच्या गावीही ढकलायला तेवढे एकच असणार होते.

"बरं. आधी ब्रश बसू द्या," साहेब म्हणाले.

स्टार्टर चढवला. उस्मानभाईंनी चावी फिरवताच इंजिन गरजलं. लांबच्या ज्वारीत सळसळ झाली आणि ती आणखी लांब गेली.

बॉनेट लावताना उस्मानभाई कानाशी आले. "मिस्त्री, किती दिवस बसायलेत तुमचे ब्रश?"

"साहेबांची बदली होईस्तोवर."

पुढं दर आठवड्याला साहेब विचारत, "बसले का?" मी म्हणे, "बसायलेत." तो स्टार्टर मला पुन्हा कधी उघडावा लागला नाही. पुढं निवडणूक झाली, सरकार बदललं आणि विचारणं थांबलं. बॅटरी मंजूर करण्याआधी ब्रश बघावेत, एवढाच यातून धडा घेता येतो.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत साहेबांना पाचवं अपत्य झालं. पेढे त्याच जीपमधून वाटले.