खारं पाणी

अकोल्याच्या दवाखान्यात गाठींतून काढलेल्या पेशींच्या काचपट्ट्या तपासणीसाठी रंगवणाऱ्या आमच्या माणसाची बोटं कायम जांभळी असत. रंग चढताना तो मनात आकडे मोजी; मधे बोललं की खेकसे. पट्ट्या डिस्टिल्ड पाण्यातच धुवायच्या, हा हट्ट माझा.

एकदा दर्यापूरकडच्या, खारपाणपट्ट्यातल्या बाईची पट्टी गढूळ लालसर दिसली, पेशी धड ओळखू येईनात. मी कॅन्सरचा संशय लिहायला घेतला.

“थांबा ना डॉक्टरसाहेब, कावून घाई करून राहिले? तुमच्या डिस्टिल्ड पान्यात आंबटपना हाय, त्यानं रंग लाल पडते; खारं पानी तो मारते.”

त्यानं त्याच बाईची दुसरी पट्टी रंगवून आपल्या बाटलीतल्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यात धुतली. पेशी निळ्या, स्वच्छ उमटल्या. गाठ साधी होती.

तो बाहेर बसलेल्या बाईकडे गेला.

“कॅन्सर नाई. तुमच्या विहिरीचं पानी खारं हाय ना?”

“हो. ढोरंबी तोंड लावत नाईत.”

“मंग मले एक घागर पाठवजा. पट्ट्या धुवाचं माहं पानी सरत आलं.”

मी कॅन्सरच्या संशयाचा तो कागद फाडून टाकला.