पायाकडं बघणारा माणूस

नव्वदच्या दशकात मी बारामतीत क्रीडाशिक्षक होण्यासाठी बी.पी.एड. करत होतो. मैदानाच्या तारेबाहेर एक म्हातारा रोज सकाळी मेंढरं चारायचा आणि काठीवर हनुवटी टेकवून आमची पळापळ बघायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

विद्यापीठाच्या धावण्याच्या संघाच्या निवडीला चार दिवस होते. माझा घोटा दुखत होता, पण मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्यानं मला तारेजवळ बोलावलं. "डावा पाय टेकायला भितोयस."

मी नाही म्हणालो. त्यानं खाली बसून तारेखालून हात घातला आणि माझ्या घोट्यावर अंगठा दाबला. मी कळवळलो. घोट्यातल्या हाडांची नावं मला पाठ होती. दुखरी जागा त्याच्या अंगठ्याला ठाऊक होती.

"मेंढरू बोलत न्हाय. चालीवरनं वळखायचं. तुमच्या मास्तरला दिसलं न्हाय व्हय?"

"सर घड्याळ बघतात, आबा."

"मग पायाकडं कोण बघतं?"

ती निवड मी सोडली.

आता इंदापुरात मीच मास्तर आहे. परवा सगळ्यांच्या पुढं असलेल्या मुलीला मी अर्ध्या शर्यतीत थांबवलं. ती रडली, तिचे वडील भांडले. माझ्या हातातलं घड्याळ चालूच होतं. मी खाली बसून तिचा घोटा चाचपत होतो.