कोहक्याच्या तंबूत

मी चर्चच्या पाळकाची बायको. भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा ह्यांना तिथल्या नव्या मंडळीवर नेमलं. मंडळी म्हणजे काय, तर नागपूरकडून आलेली रेल्वेची आणि कारखान्याची थोडी घरं, अन् उपासनेला पत्र्याचं एक शेड. दिवसभर खांब ठोकल्याचा धडाम धडाम आवाज. लाल धूळ ताटात, केसांत, पवित्र शास्त्राच्या पानांत. मला मुळातच एका जागी बसवत नाही. तिथं तर घरातल्या घरात फेऱ्या मारून टाचा दुखायच्या.

आमचं बाळ तिथंच गेलं. नऊ दिवसांचं होतं. पुरताना ह्यांनीच प्रार्थना केली, एका शब्दाला अडखळले नाहीत. मी हंबरडा फोडला तर हळूच म्हणाले, "शांत हो. मंडळी आपल्याकडे पाहते आहे." मी रडणं गिळलं. त्या दिवसापासून हे घरातही व्यासपीठावरची शुद्ध भाषा बोलायला लागले. भंडाऱ्याकडचा माणूस! आधी "जेवून घे वं" म्हणायचा, आता म्हणे "भोजन करून घे." माझ्या अंगाची नुसती लाहीलाही व्हायची.

त्याच सुमारास कोहक्याला, तलावाजवळच्या मोकळ्या शेतात, एका फिरत्या प्रचारकानं तंबू ठोकला. तो डोक्यावर हात ठेवून आजार बरे करतो म्हणे. तुमचा बाप्तिस्मा खोटा, तलावात बुडून पुन्हा घ्या, असंही सांगायचा. एका दमेकरी बाईला त्यानं औषधं फेकायला लावली होती, तेव्हा ह्यांचं सगळंच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. ह्यांनी उपासनेत बजावलं, "लांडगा आहे तो. तिथे जो जाईल, त्याला पश्चात्तापाशिवाय प्रभुभोजन मिळणार नाही." अन् नुसतं बजावून थांबले नाहीत. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात सायकलवर घरोघर गेले आणि प्रत्येकाला समोर बसवून विचारलं.

मला सोडून. पाळकिणीला कोण विचारणार!

आणि मी तर गेले होते. मंगळवारी दुपारी, भाजी आणते म्हणून निघाले, पदर पुढं ओढला आणि सरळ कोहक्याची वाट धरली. प्रचारकाचं बोलणं मला धड पटलंही नाही. पण तिथं बाया मोठमोठ्यानं रडत होत्या आणि कोणी कोणाला गप्प करत नव्हतं. मी मागं बसून बाळाला हाका मारत इतकी रडले, इतकी रडले की घसाच बसला. शेजारी आमच्याच मंडळीतली एक फिटरची बायको होती. तिनं आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं. घरी मी सांगितलं, धुळीनं घसा बसला.

रविवारी ह्यांनी तंबूत गेल्याचं कबूल केलेल्यांची सात नावं वाचली. सातही बाया मागं सरकून पत्र्याला टेकून बसल्या. फिटरची बायकोही त्यांत होती. तिनं स्वतःचं कबूल केलं होतं, माझं सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडं बघतही नव्हती, अन् त्यानंच मला जास्त टोचत होतं.

आमच्यात रीत अशी, की बायकांतून आधी पाळकीण उठायची, मग बाकीच्या. हे प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट घेऊन थांबले. मी उठेना, म्हणून कोणीच उठेना. मंडळीतले एक वडीलधारे खाकरले.

"पुढे या," हे म्हणाले.

पुढं नाही गेले, जिथल्या तिथं उभी राहिले. "मीपण गेले होते कोहक्याला."

"अगं बाई!" कोणीतरी म्हणालं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणभर वाटलं, माझ्यासाठी नियम वाकवतील. वाकवला असता तर मी ह्यांना कधी माफ केलं नसतं, आणि नाही वाकवला म्हणूनही रडूच येत होतं.

"मग तुम्हीही मागे बसावे," हे म्हणाले. मी जाऊन फिटरच्या बायकोशेजारी बसले. तिनं माझा हात धरला. बाकीच्यांना ह्यांनी भाकर दिली, पण दोनदा तुकडा हातातून खाली पडला.

दुपारी घरी आलो. जेवण तसंच झाकलेलं. मी चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत नुसत्या येरझारा घालत होते. आता हे मला नागपूरला माहेरी धाडणार, बायको सांभाळता येत नाही म्हणून ह्यांची मंडळीही जाणार, असं काय काय डोक्यात. हे खाटेवर बसलेले, अंगात अजून उपासनेचे कपडे.

"तिथे तू काय केलेस?" शेवटी विचारलं.

"रडले. बाळासाठी. दुसरं काही नाही. त्या प्रचारकाला डोक्यावर हातसुद्धा नाही ठेवू दिला."

मग ह्यांचा खालचा ओठ लहान पोरासारखा वाकडा झाला.

"मले काहून नाही नेलं वं?"