दिवा शांत होऊ द्या

हळ्ळीखेडात भीमराजइतका तरबेज हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. आज हे लिहायला मला काही जड जात नाही. ज्या दिवशी बोलायला हवं होतं, त्या दिवशी मात्र माझी दातखीळ बसली होती.

भीमराज मूळचा जवळच्या निर्णा गावचा. छप्पन्न सालानंतर त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. तरुणपणी तो एका फिरत्या टॉकीजमध्ये मशीनवर होता, तिथंच वायरी, मोटारी, पंखे सगळं शिकला. आमच्या गावात वीज आली तेव्हा निम्म्या घरांची फिटिंग त्यानेच केली. बोलणं कमी. काम झालं की बोर्डावर एकदा हात फिरवायचा आणि 'बघा लावून' एवढंच म्हणायचा.

अडुसष्ट साली माझे मामा अमृतप्पा, गावातले कापडाचे व्यापारी, हैदराबादेहून एक जुना प्रोजेक्टर घेऊन आले. त्यांच्या लेकीच्या, लक्ष्मम्माच्या लग्नात जावयाच्या मित्राने चित्रण केलं होतं, त्याची लहान लहान रिळं होती. ती बघायला व्याही-विहीण आले. भर दुपारी खिडक्यांना घोंगडी लावून मामांनी माजघरात अंधार केला आणि मशीन चालवायला भीमराजला बोलावलं. एरवी त्याला ओसरीवरच थांबवणाऱ्या मामांनी मशीनसाठी माजघर मोकळं केलं. पाण्याच्या तांब्यापर्यंत काही तो मोकळेपणा पोचला नाही. रोज सकाळी जातपात न मानणाऱ्या शरणांची वचनं म्हणणारे आम्ही, आमच्यातल्या एकालाही त्यात काही खटकलं नाही. मी तर शाळामास्तर होतो.

पहिलं रीळ संपलं. भीमराजने मशीनचा दिवा बंद केला, आतला पंखा घरघरत ठेवला. कोंदलेल्या खोलीत त्याच्या घशाला कोरड पडली होती. वाटेवरच्या सरकारी नळावर जायला निघताना तो मला म्हणाला, "मास्तर, दिवा शांत होऊ द्या. तवर बटनाला हात लावू नगा. आलोच पाणी पिऊन."

आमच्या घरात दिवा 'विझला' असं कुणी म्हणत नाही, अशुभ मानतात. दिवा शांत झाला म्हणायचं. मशीनमधला दिवा तर केव्हाच काळा पडला होता. पंख्याच्या घरघरीत व्याह्यांचं बोलणं ऐकू येईना. मामा करवादले, "वीरण्णा, बंद कर की रे ती कटकट!" मला वाटलं, दिवा शांत झालेलाच आहे, आता हरकत काय? मी भिंतीवरचं बटण बंद केलं. पंखा थांबला. भीमराजच्या बोलण्यातलं 'शांत' म्हणजे निवणं, वाऱ्यावर गार होणं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. इथपर्यंत मी स्वतःला माफ करू शकतो.

मिनिटभरात विहीणबाईंनी विचारलं, "पुढचं कवा दावायलात?" आपल्यालाही हे जमतं असं दाखवायची मला हौस आली. बटण चालू केलं, पंखा फिरू लागला, दिवा लावला. फट्कन आवाज होऊन दिव्याची तापलेली काच फुटली.

भीमराज धावतच आला. मामा त्याच्यावर तुटून पडले. "मशीन टाकून कामून गेलास रे? काम येत न्हाई तर हो कशाला म्हणायलास?" तो का गेला होता, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी चकार शब्द काढला नाही. किती तापलंय ते बघायला भीमराजने मशीनच्या टोपणाला हाताची पालथी बाजू लावली आणि माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, मधी पंखा बंद झाल्ता का?"

विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. मामा बघत होते.

"न्हाई," मी म्हणालो. "चालूच होता."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. मास्तर कशाला खोटं बोलेल? खाली बसून त्याने काचा वेचल्या आणि गेला. मामांनी गावभर बोभाटा केला. तरी दोन-चार घरं त्याला बोलवायची, पण तोच जाईना. पुढे तो निर्ण्याला परतला आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडू लागला. मला हे सगळं कळत होतं. मी पोरांना खरं बोलावं असं शिकवत राहिलो.

चौऱ्याऐंशी साली मी निवृत्त झालो. निरोपाच्या सभेत एकाने माझ्या सचोटीवर लांबलचक भाषण ठोकलं. मला मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निर्ण्याची बस धरली.

भीमराज दारातच बसला होता. आयुष्यभर ज्याला अरेतुरे केलं, त्याला त्या दिवशी तोंडून 'तुम्ही' गेलं. एका दमात सगळं सांगून टाकलं. त्याची बायको भागाबाई हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली.

"शांत म्हणजे इझला, असं समजलात व्हय?" तो म्हणाला. "मग ते ऱ्हाऊ द्या. माझाच शब्द चुकला. पण मी इचारलं तवा?"

"तेव्हा मी खोटं बोललो."

"सोळा वर्सं मी त्या मशीनमधी काय चुकलं ते हुडकायलो, मास्तर. पोरगं वायरमनचं शिकतो म्हणलं, तर जाऊ दिलं न्हाई. म्हणलं, आपल्या हातालाच गुण न्हाई, कुणाचं तरी घर पेटवशील. आता तेबी खडीच फोडायलंय."

मी हात जोडले. त्याचं माझ्या हातांकडे लक्षच नव्हतं.

"नरसिंग कवा येतो?" त्याने भागाबाईला मुलाचं विचारलं.

"येईल की सांजच्याला."

"मग बसा मास्तर, तो येईपर्यंत. त्याला तुमीच सांगा. मी सांगितलं तर त्याला वाटंल, बाप म्हातारपणी सारवासारव करायलाय."