सहा ते आठ

कुरुंद्यात जनकाबाईच्या घरी घड्याळ एकच होतं आणि ते तिला वाचता येत नव्हतं. तरी त्या घड्याळाची एवढी कडक राखणदार अख्ख्या गावात दुसरी नव्हती. नवरा भिवाजी गेला तेव्हा पोरगी ज्योती पाचवीत होती. तिथून पुढं जनकाबाई दुसऱ्यांच्या हळदीत राबली आणि पोरीला बारावीपर्यंत आणलं. आता नर्सिंगची प्रवेश परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती.

वसमतला क्लासमध्ये एका सरांनी पोरांना वेळ कसा वापरावा ते सांगितलं होतं. दिवसाचे तुकडे पाडा. एका बैठकीत एकच काम घ्या. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि ठरलेली बैठक काही झालं तरी मोडू नका. सल्ला चांगलाच होता, सरांना नावं ठेवायला जागा नाही. ज्योतीनं त्याप्रमाणं कागद केला. पहाटे पाणी भरून पाठांतर, मग सकाळची एसटी, गाडीत उभ्यानं उजळणी, दुपारी आईबरोबर हळदीचं काम आणि संध्याकाळी सहा ते आठ आतल्या खोलीत दार लावून अभ्यास.

'काही झालं तरी' हे शब्द पोरीपेक्षा आईनं जास्त मनावर घेतले. लहान काटा सहावर आणि आठवर कुठं येतो ते तिनं शिकून घेतलं. सहा वाजले की ती उंबऱ्यात बसायची. कोंबड्या हाकलायची, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, कुणी मोठ्यानं बोललं की त्याला डोळ्यांनीच भाजून काढायची. शेजारच्या नर्मदाबाईनं एकदा गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचायला ज्योतीला हाक मारली, तर जनकाबाई आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. एवढा राग तिनं भिवाजीवरही कधी धरला नसेल. नर्मदाबाई मनातून हसली, पण पुन्हा त्या दोन तासांत तिनं कधी तोंड उघडलं नाही.

त्या दिवशी साडेसहाच्या सुमाराला नर्मदाबाई अंगण झाडत होती. जनकाबाई परसात गेली, चुलीसाठी हळदीचा वाळका पाला आणायला. ढिगात हात घातला आणि झटकन मागं घेतला.

"काय झालं ग?"

"हळू बोल. काहीतरी टोचलं. काडी असल, न्हाईतर उंदीर."

नर्मदाबाईनं बोट उजेडाकडं धरून पाहिलं. सुईनं टोचल्यासारखे दोन बारीक ठिपके होते. सूज नाही, रक्त नाही, दुखतही नव्हतं. दिवेलागणीला सापाचं नाव घ्यायचं नसतं, पानच म्हणायचं. "जनके, पान असलं तर? पोरीला उठव."

"येड लागलं का तुला? आत्ता कुठं बसलंय लेकरू."

जनकाबाई आपल्या जागी जाऊन बसली. नर्मदाबाईला झाडणं सुचेना. तीही शेजारी टेकली. सात वाजले. सव्वासातला जनकाबाईनं पोट दाबून धरलं. पुढं तिच्या पापण्या खाली यायला लागल्या, जणू दोन दिवसांची झोप राहिली होती.

"मी हाक मारतेच आता," नर्मदाबाई कुजबुजली आणि उठली.

जनकाबाईनं तिचा पदर धरला. "माझ्या गळ्याची आन हाय तुला. आठ होऊ दे. आतापातूर काही झालं न्हाई, अजून अर्ध्या घंट्यानं काय होतंय?"

आणि नर्मदाबाई बसली. शहाणीसुरती बाई, चार लेकरांची आई, एका शपथेला भिऊन बसून राहिली. आत पोरगी पाठ करत होती, तिचं पुटपुटणं बाहेर ऐकू येत होतं.

आठला कडी निघाली. जनकाबाई भिंतीला धरून उठली. जीभ जड झाली होती, तरी तिनं शब्द नीट जुळवले. "ज्योते, आत्ताच काहीतरी चावलं बग मला. आत्ता, ह्या घडीला."

ज्योती जागेवरून उडालीच. महेबूबभाईचा ॲटो दहा मिनिटांत दारात आला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कधी चावलं?"

"आठला," ज्योती म्हणाली. "पंचवीस मिनिटं झाली बराबर."

नर्मदाबाईनं तोंड उघडलं. जनकाबाईला आता बोलता येत नव्हतं, पण तिची बोटं नर्मदाबाईच्या मनगटावर घट्ट आवळली. मरणाच्या दारातली बाई, कुठून एवढा जोर आला कोण जाणे. नर्मदाबाईनं पोरीच्या तोंडाकडं पाहिलं आणि शब्द गिळला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि लवकर आणलंय, जरा वाट बघू, असं म्हणाले. वाट बघता बघता श्वास अडकायला लागला. मग नांदेडला न्यायची धावपळ झाली आणि वाटेतच सगळं संपलं.

जनकाबाईच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. ज्योती नर्मदाबाईच्या अंगणात येऊन बसली. रडून रडून तोंड सुजलं होतं. परीक्षा चार दिवसांवर होती.

"मावशी, आठला चावलं. आठ पंचवीसला आमी दवाखान्यात होतो. डॉक्टर म्हणले, एवढ्या लौकर आणलेला माणूस बहुतेक वाचतो. मग माझी माय काहून गेली? मी आत होते तवा तर तिला काही झालं नव्हतं ना? तुमी तर बाहेरच होता."

पोरगी उत्तर ऐकायला थांबली होती, आणि त्या उत्तरावर तिचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहणार होतं, किंवा बसणार होतं. नर्मदाबाईला तो पापण्या मिटत जाणारा चेहरा आठवला. खरं सांगितलं असतं तर मनावरचा धोंडा उतरला असता. पण तो उचलून ठेवायचा कुणाच्या छातीवर?

"न्हाई ग माय," ती म्हणाली. "आठलाच चावलं. माझ्या डोळ्यानं बघितलं मी. तू कुठं चुकली न्हाईस. जा, परीक्षेला बस."

ज्योतीनं तिच्या मांडीत डोकं खुपसलं आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा मोकळी रडली. नर्मदाबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. आता हे खोटं मरेपर्यंत सांभाळायचं होतं, आणि तिचं वय अवघं बेचाळीस होतं.