खडवली वाढवला त्या दिवशी

भूत, करणी, अंगात येणं यातलं मी काही मानत नाही. हे घडायच्या आधी मानत नव्हते आणि घडल्यावरही मानत नाही. माझी धाकटी जाऊ म्हणते, एवढं होऊनसुद्धा? हो, एवढं होऊनसुद्धा. पण जे झालं ते झालं, आणि कसं झालं ते मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही... म्हणून इथे लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. मी वहीत लिहिलं, सुनेने टाइप केलं.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. मी, मुलगा महेश आणि सून पल्लवी. महेश ठाण्याला कोर्टात कारकून आहे. पल्लवीचं ऑफिसही ठाण्यालाच, पण आठवड्यातले चार दिवस ती घरून काम करते. काम म्हणजे लोकांचे सर्व्हर सांभाळायचे. ते ठेवलेत कुठे, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "आई, ते भाड्याचे असतात. मोठी मशीन लांब कुठेतरी आहे, तिचे हिस्से करून लोकांना देतात. मी इथून फक्त चालू-बंद करते, लहान-मोठे करते."

म्हणजे चाळ. इमारत एक आणि खोल्या भाड्याने. तेवढं मला पुरे झालं.

लॅपटॉपवर तिची एक यादी असते. सर्व्हर चालू असेल तर नावापुढे हिरवा ठिपका, बंद असेल तर लाल. नावं तिने कसारा लाइनच्या स्टेशनांची ठेवलीत – आंबिवली, टिटवाळा, खडवली, वाशिंद. ओळखीची नावं, म्हणून लसूण सोलता सोलता मीही बघत बसते.

"पल्लवी, तुझं आंबिवली लाल झालं गं."

"मीच केलंय आई. तुम्ही लसूण सोला."

यातला खडवली कल्याणच्या एका सेंटरचा. नाव लिहीत नाही. तिथे थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त चढवतात. कुठल्या मुलाला कुठलं रक्त चालतं, कुठलं चढवल्यावर अंगावर गांधी उठल्या, ताप भरला – अशी सगळी माहिती त्या खडवलीवर होती. दुसरीकडे कुठेच नव्हती.

आता एक शब्द सांगते, कारण सगळा घोटाळा त्याने केला. आमचं कल्याणला बांगड्यांचं दुकान होतं. यजमान होते तोवर चालवलं, नंतर मी एकटीनेही चालवलं. आमच्यात दुकान बंद करायचं असं कधी म्हणत नाहीत, वाढवायचं म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. ती सवय माझ्या जिभेवरून गेलेली नाही. पल्लवी संध्याकाळी लॅपटॉप मिटते तेव्हाही मी विचारते, "वाढवलंस का दुकान?"

त्या दिवशी सकाळी माझे डोळे तपासायला आम्ही दोघी स्टेशनजवळच्या डॉक्टरकडे गेलो. साडेदहाला घराला कुलूप लावलं. महेश ठाण्याला गेलेला. दवाखान्यात ही गर्दी. त्यात त्यांनी माझ्या डोळ्यांत थेंब घालून बाकावर बसवलं आणि डोळे मिटून ठेवा म्हणाले. पल्लवी शेजारी बसून होती, तिची पर्स माझ्या मांडीवर. बारा वाजून गेल्यावर सुटलो.

घरी आल्यावर ती पोळ्यांना लागली. तिचा फोन वाजला तो मी घेतला. तिचे साहेब होते, साळवी म्हणून.

"काकू, मॅडम आहेत का?"

"पोळ्या करतेय. काय निरोप?"

"त्यांना सांगा, खडवली आज वाढवायचा. संध्याकाळच्या आत."

"वाढवायचा ना? सांगते."

मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, "साळवींचा फोन होता. खडवली आज बंद करायचा म्हणतायत."

साळवी जे बोलले ते मी सांगितलं नाही. मला जे कळलं ते सांगितलं.

पल्लवी म्हणाली, "आजच? पुढच्या आठवड्यात ठरलं होतं." सेंटरसाठी नवीन सर्व्हर बनत होता आणि माहिती तिकडे गेली की खडवली पुसायचा होता. ठाण्यातल्या लोकांनी ते काम आधीच उरकलं असेल असं तिला वाटलं. तरी खात्री करावी म्हणून तिने साळवींना मेसेज टाकला – खडवली आजच करू ना? त्यांचं उत्तर आलं – हो, आजच.

आम्ही जेवलो. मग तिने लॅपटॉप उघडला. चुकून कुणी पुसू नये म्हणून सर्व्हर पुसताना त्याचं नाव टाइप करायला लागतं. तिने खडवली टाइप केलं आणि बटण दाबलं. यादीतून ओळ गेली.

तीनच्या सुमाराला सेंटरमधून फोन आला. स्क्रीनवर काहीच दिसत नाही, सहा वर्षांची मुलगी खुर्चीवर बसलीय, तिला कुठलं रक्त मागवायचं? पल्लवीने साळवींना फोन लावला. बोलणं स्पीकरवर होतं.

"पुसलात? अहो मॅडम, वाढवायला सांगितला होता. नवीन तयार नाहीये, जुना भरत आलाय, म्हणून मोठा करायचा होता."

पल्लवीने माझ्याकडे बघितलं. मला कळलं. तिला कळलं की मला कळलंय. तिने मला दोष दिला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

मी विचारलं, "आता?"

"रोजचा बॅकअप असतो आई, आपोआप निघणारी कॉपी. पण तो सर्व्हरच्या पोटातच असतो. सर्व्हर पुसला की तोही जातो."

"म्हणजे त्या पोरीचं काय?"

"सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. सगळ्याच मुलांच्या." तिची नोकरी जाणार हे तिने सांगितलं नाही, पण तेवढं मला समजतं.

तरी ती यादीत इकडे-तिकडे शोधत राहिली. हाताने घेतलेली कॉपी सर्व्हर पुसला तरी वेगळी शिल्लक राहते, तिचं पान दुसरं असतं. तिने ते उघडलं आणि तशीच थांबली.

"आई, इथे खडवलीची कॉपी आहे. आजची."

"मग बरंच झालं की."

"मी नाही घेतली."

आधी लाव, मग बोल, म्हटलं मी. वीसेक मिनिटांत खडवली पुन्हा हिरवा झाला. सेंटरला त्या मुलीचं पान दिसलं, तिला रक्त मिळालं. त्यानंतर आम्ही ती कॉपी नीट बघितली.

कॉपी अकरा वाजून वीस मिनिटांनी घेतलेली. म्हणजे साळवींचा फोन यायच्या कितीतरी आधी. पल्लवीच्याच खात्यावरून आणि आमच्या घरच्याच नेटवरून. त्या वेळी घराला कुलूप होतं आणि लॅपटॉप कपाटात. खात्यात शिरायला तिच्या फोनवर नंबर येतो, तो फोन पर्समध्ये आणि पर्स माझ्या मांडीवर. असा नंबर आलेलाच नव्हता. ऑफिसातल्या कुणी केलं म्हणावं, तर ते आमच्या घरच्या नेटवरून कसं करतील?

कॉपीला नाव द्यावं लागतं. पल्लवी इंग्रजीत देते, खडवली आणि तारीख. हे नाव मराठीत होतं. "वाढवन्याआधी".

ण नाही, न. मला ण कधी जमला नाही. माझ्या वहीत सगळीकडे न आहे, पल्लवीने टाइप करताना दुरुस्त केलंय.

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, तुम्ही...?"

"मी डोळे मिटून बाकावर होते. तू शेजारी होतीस. आणि मला कॉपी काढता येते का?"

"नाही."

"मग झालं."

संध्याकाळी महेश आला, त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "बाबांनी केलं असेल."

मी म्हटलं, "तुझे बाबा टीव्हीचा रिमोट उलटा धरायचे. मेल्यावर माणूस कॉम्प्युटर शिकतो असं मला वाटत नाही. आणि त्यांचं अक्षर, त्यांचं ण-न, सगळं शुद्ध होतं."

तो हसला. पल्लवी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला साळवींकडे लेखी रिपोर्ट पाठवायचा होता. त्यात एक रकाना होता – कॉपी कोणी घेतली. मला म्हणाली, "मीच घेतली असं लिहिते. पुसायच्या आधी कॉपी घेतली म्हणजे मी काळजी घेतली असं होतं. प्रश्न मिटतो आणि नोकरीही राहते."

"आणि अकरा वीसला कशी घेतलीस विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे?"

"मी विचारते आहे."

मग मीच साळवींना फोन लावायला सांगितलं. म्हटलं, निरोप मी चुकीचा दिला. तुम्ही वाढवायचा म्हणालात, मी बंद करायचा सांगितलं. आमच्याकडे त्याचा अर्थ तोच होतो. पोरीने तुम्हाला मेसेज करून विचारलं होतं, तुम्ही हो म्हणालात. तिचा दोष धरायचा असेल तर आधी माझा धरा, नंतर तुमचा.

साळवी म्हणाले, "ते ठीक आहे काकू. पण कॉपी कुणी घेतली?"

"माहीत नाही."

"अहो, तो रकाना रिकामा ठेवता येत नाही. काहीतरी लिहावं लागतं."

"मग माहीत नाही असं लिहा."

त्यांनी पासवर्ड बदलायला लावले, आमच्या नेटची तपासणी केली, पल्लवीचा लॅपटॉप आठ दिवस ठेवून घेतला. काही सापडलं नाही. तिची नोकरी राहिली. सेंटरची माहिती आता नव्या सर्व्हरवर आहे.

मी निरोप चुकीचा देणार हे सकाळीच कुणाला तरी माहीत होतं. मला तीन वाजता कळलं. यापुढे मला काही सांगता येत नाही. तो रिपोर्ट ठाण्याच्या ऑफिसात आहे आणि त्या रकान्यात पल्लवीने तेच लिहिलंय – माहीत नाही.