बाईंच्या विहिरीत उतरलेलं शिसं

माझ्या मोठ्या साडूंइतका माणसाला दमवणारा सज्जन आमच्या ब्रह्मपुरीत दुसरा नाही. कॉलेजात त्यांनी हयातभर मृदाशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते सगळं आमच्या अंगावर आलं. पंगतीत वरणावर लिंबू पिळायची चोरी. लगेच हात धरून, "भाऊ, झाडाच्या मुळातूनई असंच आंबट सुटते. मातीले चिकटलेला धातू त्याच्यानं मोकळा होते," असं सुरू. वरण निवतं, वाढपी पुढे निघून जातो. सासऱ्यांच्या दहाव्याला जाताना ते वाटेत माती घ्यायला एका शेतात उतरले, आणि कावळा पिंडाला शिवून गेल्यावर पोचले.

जवळच्या एका खेड्यात जुन्या बॅटऱ्या फोडायची शेड होती. ती बंद पडली, पण तिच्यातलं शिसं शेजारच्या बाईंच्या वाडीत, भाजीच्या मातीत, तसंच राहिलं. साडूंनी तिथे मोहरी पेरवली. पाण्यातून सायट्रिक ॲसिड द्यायचं, म्हणजे शिसं मातीतून सुटेल, मोहरी ते शोषून घेईल आणि मग मोहरीच उपटून न्यायची, असा बेत. मोहरी कमरेएवढी झाली. ॲसिड दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी अवकाळी पाऊस कोसळला. सुटलेलं शिसं मोहरीत थोडंच गेलं. बाकीचं पाण्याबरोबर खाली उतरलं. दहा पावलांवर बाईंची विहीर होती.

विहिरीच्या पाण्याला रंग नव्हता, वास नव्हता. शिसं दिसलं ते साडूंच्या तपासणीत; ते बोलले नसते तर कुणाला कळलंही नसतं. "पुन्हा एकदा तपासा की," मी म्हणालो.

"तीनदा तपासलं, भाऊ. चला."

बाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. साडू उभ्यानंच म्हणाले, "बाई, या विहिरीचं पाणी पिऊ नका. त्यात शिसं उतरलं."

"आतापर्यंत तं चांगलं होतं ना, सर?"

"होतं. माह्या हातानं बिघडलं."

बाईंचं सूप थांबलं. "मंग आता मी लेकराइले काय पाजू?"

दुसऱ्या दिवसापासून साडू आपल्या घरचं पाणी कॅनमध्ये भरून स्कूटरवरून नेऊ लागले, सकाळ-संध्याकाळ, अख्खा उन्हाळा. मागे कॅन धरून मी. माझी कंबर गेली, पण त्याहून जड गेला तो त्यांचा अबोला. जाता-येता एक शब्द नाही. माणसाला व्याख्यानाचीही सवय लागते, हे मला तेव्हा कळलं.

पुढे बाईंकडे नळ आला. तरी साडू दर महिन्याला विहिरीचं पाणी तपासायला जातातच. आकडा उतरतोय, पण मुंगीच्या पावलांनी. मागच्या खेपेला त्यांचे गुडघे इतके धरले, की ते बाईंच्या बाजेवर बसले ते उठेचनात. बाईंनी चहा आणून दिला आणि म्हणाल्या, "सर, आता पुरे करा. तुमाले पाहून मलेच थकवा येऊन राह्यला."

साडूंनी खिशातून नमुन्याची बाटली काढून माझ्यापुढे धरली. "पयले तीनदा खंगाळा, भाऊ. मंग भरा. आता हे तुमालेच करा लागते."

एरवी मी काहीतरी निमित्त काढून सटकलो असतो. त्या दिवशी मुकाट्यानं विहिरीवर गेलो आणि बाटली तीनदा खंगाळली.